ओसाड बेटावरून निघालेली जहाजं

सही कुठे करायची तिथे संशोधन संस्थेच्या सरांनी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. मिस्त्रीने चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. सरांची अपेक्षा अशी की माणूस सही करेल, चहा पिईल आणि खोक्यात भरून ठेवलेल्या बायकोच्या वस्तू घेऊन जाईल. पण छत्तीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस न वाचता सही करत नाही. सही करून मोकळं व्हायचं आणि उद्या लिफ्ट मध्येच अडकली की सगळे बोट आपल्याकडे दाखवणार, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

कागद त्याच्या बायकोबद्दल होता. तिला जाऊन पाच महिने झाले होते. संस्थेत तिला सगळे बाई म्हणत. जगभरातल्या जुन्या बंदरांच्या नोंदवह्या एकाच डेटाबेसमध्ये आणायचं काम बऱ्याच देशांतली माणसं मिळून करत होती. कुठलं जहाज कुठून निघालं, वाटेत कुठे थांबलं, काय घेऊन आलं, अशा दोनशे वर्षांच्या नोंदी. एका माणसाने वाचायच्या म्हटल्या तर सात जन्म पुरणार नाहीत. पण एकदा यंत्रात गेल्या की यंत्र सकाळी बसून दुपारपर्यंत सगळ्या एकमेकींशी ताडून पाहतं. बाईंच्या वाट्याला आलेल्या नोंदवह्या चार वेगवेगळ्या जुन्या लिप्यांतल्या होत्या. त्या वह्यांचे फोटो वाचून त्यांनी अकरा वर्षांत एकतीस हजार सफरी यंत्रात घातल्या होत्या.

कागदावर लिहिलं होतं, ‘शेवटच्या चौदा महिन्यांतील दोन हजार एकशे चाळीस सफरींच्या नोंदी, आजारपणात संशोधिकेची आकलनशक्ती क्षीण झाल्याने, विश्वासार्ह नाहीत. त्या वगळण्यास वारसाची हरकत नाही.’

“आकलनशक्ती क्षीण म्हणजे?” मिस्त्रीने विचारलं.

सरांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला. “म्हणजे, औषधं जबर होती ना त्यांची. लक्ष राहत नाही माणसाचं.”

“तिचं होतं.”

“घरच्यांना तसं वाटणं साहजिक आहे, मिस्त्री.”

“वाटण्याचं काय त्यात? जायच्या चार दिवस आधी तिने पलंगावरून मला सांगितलं, तुमच्या शर्टाचं तिसरं बटण निळ्या दोऱ्याने शिवलंय, शर्ट पांढरा आहे. मी ते बटण स्वतः शिवलं होतं, मला दिसलं नव्हतं.”

सर हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. बाईंच्या आजारपणात दोनदा घरी येऊन गेला होता, दोन्ही वेळा खुर्चीच्या कडेवर बसून. “हे बघा,” ते म्हणाले, “मला का हौस आहे? पण यंत्राने चुका कधीपासून सुरू झाल्या तेही दाखवलंय. दहा वर्षांत शंभराला एक चूक नाही. आणि गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीच्या बारा तारखेपासून एकही सफर धड नाही. एकही. बाई शुद्धीत असत्या तर असं झालं असतं का, तुम्हीच सांगा.”

मिस्त्रीने कागद टेबलावर ठेवला. बारा फेब्रुवारी. अकरा तारखेला संध्याकाळी तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. बारा तारखेला सकाळी ती म्हणाली, उशीला टेकवा मला, काम करायचंय. टेकवलं. पण लॅपटॉपवर बोटं ठरेनात. दहा मिनिटं तिने झटापट केली आणि मग रागाने डोळे मिटून घेतले. तेव्हा मिस्त्रीने लॅपटॉप आपल्या मांडीवर घेतला होता. फोटो दाखवणारा मोठा पडदा त्याने टीव्हीच्या जागी बसवून दिला. ती पलंगावरून वाचायची, तो दोन बोटांनी बडवायचा. चौदा महिने.

ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती. संस्थेचा नियम असा की ज्याची सही आहे त्यानेच नोंद करायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लावला तर नोंद बाद. “मिस्त्री, बाहेर एक शब्द गेला तर माझं सगळं कापून टाकतील,” ती म्हणाली होती. “शपथ घ्या.” त्याने घेतली होती.

चुका बारा तारखेपासून, म्हणजे चुका त्याच्या. गप्प बसावं तर तिच्या नावापुढे कायमचं लिहिलं जाणार की बाईंचं डोकं शेवटी चालत नव्हतं. बोलावं तर शपथ मोडते आणि काम तसंही बाद.

“मला त्या चुका बघायच्यात,” तो म्हणाला.

“तुम्हाला काय कळणार त्यातलं?”

“नाही कळणार. बघतो तर खरं.”

सरांनी घड्याळ पाहिलं आणि त्याला शेजारच्या दालनात पाठवलं.

दालन लांबट होतं. पूर्वी तिथे वाचनालय असावं. भिंतींना कपाटांचे खिळे तसेच होते आणि जिथे कपाटं होती तेवढ्या भागाचा रंग फिका नव्हता. खिडकीजवळ संस्थेची नकाशावाली बसायची. यंत्रातल्या नोंदींवरून ती नकाशे तयार करायची म्हणून तिला सगळे नकाशावालीच म्हणत. तिशी उलटलेली, केसात पेन्सिल खोचलेली, समोर तीन पडदे. जुनी एक लिपी तिला बाईंनीच शिकवली होती.

“या काका, बसा. त्या खुर्चीवर नको, ती मागे पडते.” तिने दुसरी ओढून दिली. “सही केलीत?”

“नाही केली. चुका बघायला आलोय.”

नकाशावालीने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग मधला पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर समुद्र होता आणि त्यावर मुंग्यांसारख्या बारीक रेघा. “या बाईंच्या आधीच्या सफरी. हे बघा, मोठ्या बंदरातून निघाली, इथे पाणी भरलं, इथे माल उतरवला, परत. आता या शेवटच्या चौदा महिन्यांतल्या.” तिने एक कळ दाबली. रेघा बदलल्या. “हे बेट दिसतंय? यावर ना गोदी, ना गाव. एक झरा आहे गोड्या पाण्याचा, बस. जहाजं तिथे पिंपं भरायला थांबायची. बाईंच्या नोंदींप्रमाणे या बेटावरून ऐंशी जहाजं निघालीत. निघालीत, काका! ओसाड बेटावर ऐंशी जहाजं काय झाडाला लागली होती?”

मिस्त्रीला हसू आलं नाही.

“आणि दुसरं,” ती म्हणाली, “नोंदवहीत शेवटी लिहिलेलं असतं की एकूण बंदरं चार. बाईंच्या नोंदीत प्रत्येक वेळी तीनच. पाच असली तर चार. प्रत्येक सफरीत एक कमी. मी दोन आठवडे डोकं फोडून घेतलं. मला पटतच नव्हतं. पण यंत्रापुढे काय बोलणार?”

“एक सफर दाखव. आकड्यांत. रेघा नको.”

तिने एक तक्ता उघडला. प्रत्येक बंदराला एक ओळ. ओळीच्या सुरुवातीला थांब्याचा नंबर, मग बंदराचं नाव, मग तारीख. एक, दोन, तीन. मिस्त्रीने बोट पडद्याला न लावता ओळींवरून खाली नेलं आणि परत वर आणलं. एखाद्या मशीनसमोर उभं राहिलं की कुठला आवाज यायला हवा होता आणि येत नाहीये, हे त्याला आधी कळायचं. तसंच झालं.

“शून्याची ओळ कुठाय?”

“शून्याची ओळ नसते काका. थांबे एकपासून असतात.”

“असते. मी घातलीय.”

तोंडातून निघून गेलं. नकाशावालीचा हात माऊसवर तसाच राहिला.

“तुम्ही घातलीय?”

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. मिस्त्रीने सगळं सांगितलं. बारा तारीख, पलंग, टीव्हीच्या जागी पडदा, दोन बोटं, शपथ. सांगताना तो तिच्याकडे न बघता खिडकीच्या बिजागरीकडे बघत होता. बिजागरीला तेल हवं होतं.

“तिला मी पहिल्याच दिवशी विचारलं, नंबर कुठून धरू? ती म्हणाली, जहाज जिथून निघालं तिथून धरा. मी धरला. निघाला तो तळमजला. तळमजल्याला शून्य. तिथून हललं आणि पहिल्यांदा थांबलं की एक. आयुष्यभर तेच केलंय मी. लिफ्टच्या बटणांत बघ, तळाला शून्यच असतं. यात विचारण्यासारखं काय आहे असं वाटलं मला.”

“आणि बाईंना दिसलं नाही?”

“पडदा तिच्याकडे, लॅपटॉप माझ्याकडे. ती बंदरांची नावं परत म्हणवून घ्यायची माझ्याकडून, तारखा म्हणवून घ्यायची. नंबर कोण म्हणवून घेतंय? एक-दोन-तीन कुणाला येत नाही?”

नकाशावालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले. मिस्त्रीला वाटलं रडतेय. ती हसत होती. “काका, अहो काका! हे यंत्रसुद्धा आतल्या आत शून्यापासूनच मोजतं. ज्यांनी हा तक्ता बनवला त्यांनी मुद्दाम एकपासून केला, इतिहासवाल्या माणसांना शून्य कळणार नाही म्हणून. आणि शून्य दिसलं की ओळ रिकामी समजून बाजूला टाक, असं यंत्राला सांगून ठेवलं.”

“बाजूला म्हणजे फेकून?”

“फेकत नाही काही. थांबा.”

तिने शेवटच्या पडद्यावर काहीतरी टाईप केलं. एक आकडा आला. दोन हजार एकशे चाळीस. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. जेवढ्या सफरी तेवढ्या बाजूला पडलेल्या ओळी. प्रत्येक जहाजाचं निघायचं बंदर तिथे शांतपणे पडून होतं.

सगळे नंबर एकाने वाढवून ओळी परत जोडायला तिला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. मधला समुद्र पुन्हा उघडला. ओसाड बेटावरच्या ऐंशी रेघा मागे मागे सरकल्या आणि आपापल्या बंदराला जाऊन टेकल्या. मिस्त्रीने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. चष्मा स्वच्छच होता.

“आता सरांना सांगायला लागेल,” नकाशावाली म्हणाली. तिचं हसू थांबलं होतं. “आणि सर नियमाचे पक्के आहेत.”

सर दालनात आले आणि त्यांनी उभ्यानेच ऐकून घेतलं. नकाशा पाहिला, आकडा पाहिला, मग मिस्त्रीकडे पाहिलं. “म्हणजे या नोंदी अशा माणसाने केल्या ज्याला ती लिपी येत नाही, ती भाषा येत नाही आणि ज्याची सही नाही.”

“हो.”

“मग तर त्या बादच होतात. आधी कारण आजारपण होतं, आता कारण तुम्ही.”

“कारण मी चालेल,” मिस्त्री म्हणाला. “कागदावर माझं नाव घाला. लिहा की लिफ्टवाल्याने घोळ घातला. पण तिच्या डोक्याबद्दलचं ते वाक्य काढा. ते खोटं आहे.”

“सर, असं नाही चालणार,” नकाशावाली मध्ये पडली. “दुसऱ्या देशांतून सांगून लिहून घेतलेल्या नोंदी येतात तेव्हा आपण काय करतो? पन्नास उचलून मूळ वहीशी ताडतो. दोनपर्यंत चुका निघाल्या तर घेतो. यांना तोच नियम लावा ना. पन्नास कुठल्या ते यंत्र निवडेल, मी नाही.”

सरांनी पेपरवेट नव्हता म्हणून हातातली किल्ली इकडची तिकडे केली. नियम म्हटलं की त्यांना नाही म्हणता येत नसे. “मी स्वतः वाचणार,” ते म्हणाले.

दुपारचं जेवण राहिलं. सर एका पडद्यावर जुन्या वहीचं पान उघडून वाचत, नकाशावाली दुसऱ्या पडद्यावर नोंद पाहून “बरोबर” म्हणे. मिस्त्री मागे पडणाऱ्या खुर्चीवर, मागे न पडता बसला होता. पहिल्या वीस बरोबर निघाल्या. एकविसावीत सात मार्चच्या जागी सतरा मार्च.

“ही माझी,” मिस्त्री लगेच म्हणाला. “सातच्या आधी एकदा एक दाबला गेला असणार.”

“कबूल करण्याची घाई करू नका,” सर म्हणाले, पण आवाज मघासारखा कोरडा नव्हता.

चौतिसावीत बंदराचं नाव चुकलं होतं. एकाच नावाची दोन बंदरं, बाईंनी दुसरंच धरलेलं. “ही चूक कुणाकडूनही झाली असती,” सर पुटपुटले. “माझ्याकडून झालेली आहे.” पण चूक ती चूकच. दोन झाल्या. पुढे सोळा सफरी बाकी.

त्यानंतर प्रत्येक “बरोबर”ला मिस्त्री बोटाचं एक पेर मोजायचा. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. सत्तेचाळिसावीला सर थांबले.

“इथे माल म्हणून मीठ लिहिलंय. नोंद काय आहे?”

नकाशावालीने ओठ चावला. “ताग.”

सरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. पान अगदी स्पष्ट होतं. तीन अक्षरांचा शब्द, शाई जशीच्या तशी, वाचायला शंका नाही. “तीन,” सर म्हणाले. “मला वाईट वाटतं, मिस्त्री.”

मिस्त्री उठून पडद्याजवळ गेला. त्याला त्या पानावरचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. पण पानाच्या डाव्या कोपऱ्यात वाळवीने खाल्लेलं एक छिद्र होतं, घोड्याच्या नालेसारखं. ते त्याला ओळखीचं वाटलं.

“या पानावर आमचं भांडण झालं होतं,” तो सावकाश म्हणाला. “आधी तिने मीठच सांगितलं. मी मीठ टाईप केलं. मग पुढची दोन पानं झाल्यावर म्हणाली, मागे जा, ते मीठ खोडा, ताग करा. मी वैतागलो. जेवायची वेळ झाली होती. म्हटलं, बाईसाहेब, एकदाच काय ते सांगत जा. तर म्हणाली, मी नाही बदललं, कप्तानाने बदललंय. जकातवाल्याने त्याला पकडलं म्हणून.”

“कुठे?”

“ते पुढे होतं. एक-दोन पानांनी पुढे.”

सरांनी पुढचं पान उघडलं. काही नाही. त्याच्या पुढचं उघडलं. वरच्या समासात, मजकुराच्या आडव्या दिशेने, दुसऱ्या हाताच्या बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. सरांनी पान आडवं केलं आणि नाक पडद्याला लागेल इतकं पुढे झुकून ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“मागील जहाजाच्या कप्तानाने मीठ सांगितले,” ते हळू आवाजात म्हणाले. “तपासणीत ताग आढळला. नोंद दुरुस्त समजावी.”

ते खुर्चीत मागे टेकले. “मी हे पान चाळून पुढे गेलो असतो. शंभरातले नव्व्याण्णव गेले असते.” चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. “आणि मी लिहिलं की बाईंची आकलनशक्ती क्षीण.”

उरलेल्या तिन्ही बरोबर निघाल्या, पण त्या वाचताना कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

नकाशावालीने तेवढ्यात नकाशावर दुसरं काहीतरी चालवलं होतं. “सर, हे बघा. आता निघायची बंदरं मिळाली ना, तर या खाडीतून त्रेसष्ट जहाजं निघालेली दिसतायत. तीस वर्षांत. आपण तर सगळीकडे लिहितो की ही खाडी गाळाने भरली आणि बंदर मेलं.”

सर पडद्याकडे वळले. “बंदर मेलं म्हणतो त्यानंतरची तीस वर्षं?”

“नंतर! तागच जास्त करून. आणि चोरून. म्हणूनच कुठल्या सरकारी कागदात नाही. आणखी दोन देशांच्या वह्यांशी ताडून बघते, तिकडे उतरलेली सापडतात का.”

“खाडीवाल्या वह्या ती मुद्दाम आधी घ्यायची,” मिस्त्री म्हणाला. “म्हणायची, राजा मेला की पुस्तकात येतं, बंदर जगलं ते कुणी लिहीत नाही. मला वाटायचं पलंगावर पडून पडून बोलतेय काहीबाही.”

सरांनी सकाळचा तो कागद मागवला. पेनाने त्यातली दोन वाक्यं आडवी खोडली, बाजूला सही करून तारीख घातली. मग कोऱ्या कागदावर नवीन मजकूर लिहायला बसले. लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं, “वाचन बाईंचं. लेखन तुमचं. तसंच घालतो. तुमच्या नावापुढे शिक्षण काय लिहू?”

“लिफ्ट मिस्त्री.”

“ते शिक्षण नाही हो.”

“मला तेवढंच आलेलं आहे.”

सरांनी लिफ्ट मिस्त्री लिहिलं.

खाली रस्त्यावर आल्यावर मिस्त्रीने खोकं फुटपाथवर ठेवलं आणि लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात असायची. पाच महिन्यांत तिला त्यानेच फोन केल्याची ही दुसरी किंवा तिसरी वेळ असेल.

“काय झालं बाबा? पडलात का कुठे?”

“नाही गं. ऐक. आईचं काम टिकलं. सगळं. शेवटचंसुद्धा.”

“टिकलं म्हणजे? जाणार होतं का?”

मग त्याने तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे चौदा महिने मी रोज फोन करून विचारायचे काय करताय, आणि तुम्ही सांगायचात, आई झोपलीय, मी टीव्ही बघतोय!”

“टीव्ही तर काढूनच ठेवला होता.”

“बाबा!”

“शपथ होती तिची.”

“आणि आज मोडलीत.”

“मोडली,” तो म्हणाला. त्याला वाटलं होतं हे बोलताना जीभ जड होईल, पण झाली नाही. “तिच्याच कामासाठी मोडली. रागावली असती दोन दिवस. मग त्या त्रेसष्ट जहाजांचं ऐकून म्हणाली असती, मिस्त्री, नीट सांगा, पहिल्यापासून.”

लेक हसली आणि हसता हसता तिचा आवाज फुटला.

“मलाही सांगा ना मग,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. ती काय वाचायची ते.”

मिस्त्रीने खोकं उचलून बसस्टॉपच्या बाकड्यावर ठेवलं, त्याच्या शेजारी बसला आणि सांगायला लागला. दोन बस आल्या आणि गेल्या.